गणिताऐवजी भूगोल

गेल्या जूनमध्ये धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याला गेलो होतो. मावसभावाच्या मुलीचा दहावीचा निकाल लागून काही दिवस झाले होते. ओट्यावरच्या खाटेवर तिची गुणपत्रिका होती, भाऊने लगेच लॅमिनेशन करून आणलेली. 78 टक्के. गणितात 71, विज्ञानात 84. चहा येईपर्यंत ती पाच जणांच्या हातांतून फिरली आणि मग भाऊने तो प्रश्न विचारला, जो जूनमध्ये आमच्याकडे घरोघरी विचारला जातो : "आते काय लेवानं?"

सायन्स, हे सगळ्यांनी न बोलताच धरलेलं होतं. मुलगी म्हणाली, "सायन्सच घेते काका, पण गणित नाही घेत. गणिताऐवजी भूगोल. माझ्या मैत्रिणी पण तेच घेताहेत."

मी सावरून बसलो. हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, मी माझ्या दहावीनंतर याच गावात बोललो होतो. तेव्हा मला कुणी थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं असंही नाही, पण त्या एका वाक्याने पुढे काय काय होतं हे कुणीतरी सांगायला हवं होतं. म्हणून हा लेख.

आधी मांडणी समजून घेऊ, कारण तीच बहुतेक पालकांना नीट ठाऊक नसते. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात आपण कॉलेज आणि शाखा यांचे पसंतीक्रम भरतो. 2025 पासून ही पद्धत साऱ्या राज्यात लागू झाली, म्हणून नरडाण्याची मुलंही आता तोच अर्ज भरतात. पण या अर्जात ठरते ती फक्त शाखा. विषय ठरतात नंतर, प्रवेश पक्का करायला कॉलेजात गेल्यावर, खिडकीपाशी, पाच मिनिटांत. बारावीचा निकाल 600 पैकी लागतो, म्हणजे शंभर-शंभर गुणांचे सहा विषय. इंग्रजी सक्तीचं. दुसरी भाषा बहुतेकांची मराठी. फिजिक्स आणि केमिस्ट्री शास्त्र शाखेत जवळपास सगळेच घेतात. उरतात दोन जागा. तिथे गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतले की त्याला पीसीएमबी म्हणतात, आमच्याकडे 'जनरल सायन्स'. दोन्ही जड वाटले तर एक सोडून त्या जागी भूगोल येतो, कारण भूगोल सोपा जातो आणि टक्केवारी वर नेतो अशी ख्याती आहे. काही कॉलेजांत तिसरी सोयही असते : दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय यांच्या जागी 200 गुणांचा बायफोकल. त्यात क्रॉप सायन्स, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स असे विषय येतात. शेतकऱ्यांची पुष्कळ मुलं क्रॉप सायन्स घेतात.

तर त्या पाच मिनिटांत मी गणित सोडलं. बारावीला चांगले टक्के पडले, भूगोलाने हात दिला. बी.एस्सी. केली. तिसऱ्या वर्षाला असताना कॉम्प्युटरची ओढ लागली आणि एमसीएचा अर्ज आणला. पात्रतेच्या रकान्यात लिहिलं होतं : बारावीला किंवा पदवीला गणित विषय असणे आवश्यक. माझ्याकडे दोन्हीकडे नव्हतं. मार्गदर्शन करणाऱ्या एका संस्थेत मला आधी सांगितलं गेलं होतं की पदवी असली की पुरे. त्या भरवशावर माझं एक वर्ष गेलं. त्यानंतर मी बारावीचं गणित एकट्याने देऊन आलो, बाविसाव्या वर्षी, सतरा-अठरा वर्षांच्या मुलांमध्ये बसून. त्याबद्दल पुढे सांगतो.

विषय निवडताना मुलांना आपण विचारतो, 'तुला काय व्हायचंय?' पंधरा वर्षांच्या मुलाला याचं उत्तर माहीत नसतं, आणि नसावंच. त्यापेक्षा कामाचा प्रश्न असा की अमुक विषय सोडला तर कुठल्या अर्जातल्या पात्रतेच्या ओळीत आपण अडकू. ही ओळ प्रत्येक अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तिकेत छापलेली असते. ती दहावीच्या सुट्टीत वाचावी, बारावीनंतर नाही.

बायोलॉजी सोडली की एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि पशुवैद्यकीय पदवी यांची वाट बंद होते, कारण या सगळ्यांना 'नीट' ही प्रवेशपरीक्षा लागते, आणि नीटच्या 720 गुणांपैकी 360 एकट्या बायोलॉजीचे आहेत. फिजिओथेरपी आणि बी.एस्सी. नर्सिंगलाही बायोलॉजी लागते. नर्सिंगचं मुद्दाम सांगतो, कारण आमच्या भागातल्या मुली डॉक्टर होण्याचं बोलतात आणि ते नाही जमलं तर सगळं सोडून देतात. या दोन्हींच्या मधला हा मोठा, कामाचा आणि मानाचा पट्टा कुणी दाखवत नाही.

गणित सोडलं की बंद होणारी दारं जास्त आहेत आणि ती पटकन दिसत नाहीत. इंजिनिअरिंग तर आहेच. आर्किटेक्चर. मर्चंट नेव्ही. एनडीएची परीक्षा कुठल्याही शाखेचा बारावीचा मुलगा देऊ शकतो, पण हे फक्त लष्करासाठी. नौदल आणि हवाई दलाला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एनडीए मुलींनाही खुली झाली, म्हणून ही ओळ आता मुलींनीही वाचायची आहे. संख्याशास्त्राची पदवी, पुष्कळ ठिकाणी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, आणि माझ्या वेळी, मला उशिरा सुचलेला एमसीए. अर्थशास्त्राच्या चांगल्या अभ्यासक्रमांतही गणित नसलेल्या मुलाची दमछाक होते.

पुतण्या-भाच्यांच्या पिढीला मी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती मलाही उशिरा कळली. भाऊच्या मुलीच्या मनात फार्मसी किंवा बी.एस्सी. अ‍ॅग्री होतं. शिरपूरचं फार्मसी कॉलेज आणि धुळ्याचं कृषी महाविद्यालय, दोन्ही घरून एसटीने जाण्याजोग्या अंतरावर. या दोन्हींना गणित नसलं तरी चालतं : एमएचटी-सीईटी या प्रवेशपरीक्षेचा पीसीबी ग्रुप पुरतो. म्हणजे तिचा हिशेब चुकीचा नव्हता. पण बी. फार्मच्या पहिल्या सत्रात बारावीला गणित न घेतलेल्यांना रेमेडियल मॅथेमॅटिक्स शिकावं लागतं. कृषी पदवीच्या पहिल्या वर्षातही अशा मुलांसाठी प्राथमिक गणित ठेवलेलं असतं, आणि पुढे संख्याशास्त्र सगळ्यांनाच. औषधाचं प्रमाण असो की बियाण्याच्या चाचणीचे आकडे, हिशेब येतोच. बारावीला दोन वर्षांत सावकाश शिकायचं ते तिथे एका सत्रात घाईने उरकावं लागतं.

मी तिला म्हणालो, सराव परीक्षेचे पेपर काढ. दहावीच्या गुणपत्रिकेत गणित हा एकच आकडा दिसतो, पण तो बीजगणिताचे 40, भूमितीचे 40 आणि अंतर्गत 20 मिळून बनलेला असतो. विज्ञानही तसंच, भाग 1 आणि भाग 2. एकत्र आकड्यावरून काही कळत नाही. सुटे पेपर पाहिले की मूल दिसायला लागतं. तिने पेटीतून पेपर काढले. विज्ञान भाग 1, म्हणजे गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, भिंगे, रासायनिक अभिक्रिया : 40 पैकी 29. भाग 2, म्हणजे आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, पेशीविज्ञान : 34. बीजगणित 31. भूमिती 22.

"गणित का नको?" मी विचारलं. "ती प्रमेयं नाही जमत काका. पक्ष, साध्य, सिद्धता. आकृती काढते आणि पुढे सुचतच नाही."

तिचं सगळं भय त्या 22 मध्ये होतं. अकरावी-बारावीच्या गणितात तसली भूमिती जवळजवळ नाहीच. पक्ष, साध्य, सिद्धता असं लिहिण्याची वेळ पुन्हा येत नाही. सरळ रेषा आणि वर्तुळ येतात, पण ते निर्देशकांतून, समीकरणांतून, म्हणजे बीजगणिताच्या वाटेने. दहावीच्या बीजगणितातली अंकगणिती श्रेढी पुढे सीक्वेन्सेस अँड सीरीज होते, संभाव्यता प्रोबॅबिलिटी म्हणून परत भेटते. खरी चढण आहे ती त्रिकोणमितीची, आणि दुसऱ्या पुस्तकात लिमिट्स आणि डिफरन्शिएशनची. जिला बीजगणितात 31 पडतात तिने भूमितीच्या 22 मुळे गणित सोडणं म्हणजे येणारच नसलेल्या गोष्टीला घाबरणं. उलट भूमितीत 38 आणि बीजगणितात 20 असते तर मी तिला जपून राहायला सांगितलं असतं.

बीजगणितात 'अर्थनियोजन' नावाचा एक धडा आहे : जीएसटी, शेअर्स, गुंतवणूक. बरीच मुलं तो ऑप्शनला टाकतात. पण ज्याला तो मनापासून आवडला, ज्याने दुकानाच्या बिलावरचा जीएसटी घरी येऊन पडताळून पाहिला, त्याच्या घरी कॉमर्सचा विषय निघायला हवा. आमच्याकडे तो निघत नाही. 80 टक्क्यांच्या मुलाने कॉमर्स घेतलं तर शेजारी विचारतात, काय झालं? 'सायन्स घ्या, पुढे सगळीकडे जाता येतं' हे वाक्य कागदावर खरं आहे. शास्त्र शाखेचा मुलगा कॉमर्सला, कायद्याला, कुठेही वळू शकतो. उलटं होत नाही. पण ज्याला सीए व्हायचंय त्याने दोन वर्षं ऑरगॅनिक केमिस्ट्री करून मग बुककीपिंग पहिल्यापासून शिकायचं, यात त्याचं काय भलं? सीए फाउंडेशन बारावीनंतर कुठल्याही शाखेतून देता येते हे खरं, पण जमा-नावे दोन वर्षं हाताखालून गेलेल्या मुलाची चाल वेगळी असते. कॉमर्समध्येही हीच गणिताची गोष्ट आहे : तिथे गणित ऐच्छिक असतं, आणि ते सोडून एस.पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेण्याकडे कल असतो. ज्याला सीए, बँका किंवा विमा यांत जायचं आहे त्याने तिथेही गणित ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जळगावचे भवरलाल जैन बी.कॉम. होते, कायदाही शिकले होते. वाकोदच्या शेतकरी घरातला हा माणूस कॉमर्स शिकला आणि त्याने ठिबक सिंचनाचं जगभर पसरलेलं काम उभं केलं. खान्देशातल्या केळीच्या बागेत उभं राहून कुणी म्हणत असेल की शेतीत काही करायचं तर सायन्सच हवं, तर त्याला हे सांगावं.

आर्ट्सबद्दल एवढंच म्हणतो की ज्याला वाचायला आवडतं, ज्याला इतिहास-नागरिकशास्त्रात खरोखर रस आहे, त्याला तिथे पाठवायला लाजू नये. प्रतिभाताई पाटील जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकल्या आणि मग कायदा. 2007 मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला बारावीची कुठलीही शाखा चालते. यूपीएससी आणि एमपीएससीला पदवी लागते, शाखा नाही. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे राजेंद्र भारूड एमबीबीएस करून मग आयएएस झाले. त्यांच्या वाटेत बायोलॉजी होती, दुसऱ्या कुणाच्या वाटेत मराठी वाङ्मय असेल. ज्या घरात कलेक्टर होण्याचंच स्वप्न आहे, त्यांनी अकरावीला शाखेवरून रात्र जागवू नये.

आता भाषा. माझ्या मते नरडाण्यासारख्या गावात गणितापेक्षा मोठी अडचण हीच आहे, आणि पालकांच्या बोलण्यात ती येतच नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम. मुलीला 'प्रकाशाचे अपवर्तन' चांगलं कळलेलं. अकरावीला पुस्तक उघडलं की तेच 'रिफ्रॅक्शन'. 'स्पर्शिका' टँजंट होते, 'वृत्तछेदिका' सेकंट. विषय तोच, पण मुलाला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. पहिल्या घटक चाचणीत मार्क कोसळतात आणि घरी निष्कर्ष निघतो की गणित-फिजिक्स याच्या डोक्याबाहेरचं आहे. सेमी-इंग्रजीतून आलेल्यांना हा धक्का कमी बसतो. विचित्र वाटेल, पण नीट मराठीतून देता येते, जेईई मेन मराठीतून देता येते, एमएचटी-सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे पेपर मराठीतून मिळतात; फक्त गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. पण अकरावी-बारावी सायन्सची पुस्तकं इंग्रजी, शिकवणं इंग्रजी. मग परीक्षेपुरती मराठी घेऊन फारसा उपयोग होत नाही. कॉमर्स आणि आर्ट्स मात्र मराठीतून पूर्ण करता येतात. इंग्रजीची फार भीती असलेल्या मुलाच्या बाबतीत हा मुद्दा टक्केवारीपेक्षा जास्त वजनाचा आहे.

त्यातच हल्लीची एक रीत. गावाकडच्या कॉलेजात नाव घालायचं आणि मुलाला लातूरला, कोट्याला नाहीतर जवळच्या शहरात क्लासला पाठवायचं. कॉलेजात हजेरी कागदावर. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या प्रत्येकात 30 गुणांचं प्रात्यक्षिक असतं, त्याचे गुण मुलाला कशालाही हात न लावता मिळून जातात. अशी मुलं मी पाहिली आहेत, ज्यांनी बारावी होईपर्यंत ब्युरेट धरलेली नव्हती. काहींचं क्लासमुळे भलं होतं, हे मी नाकारत नाही. पण माझा सल्ला असा की प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन दोनच गोष्टी विचाराव्यात : गणित कोण शिकवतं, आणि प्रयोगशाळा आठवड्यातून किती वेळा उघडते. गणिताचा चांगला शिक्षक नसेल, तर गणित ठेवण्याचा माझा सगळा आग्रह फोल आहे. तिथे कॉलेजच बदलावं.

नरडाण्याची एक सोय आहे. गाव मुंबई-आग्रा महामार्गावर आहे आणि भुसावळ-सुरत रेल्वेमार्गावरही. एसटीने एका बाजूला धुळे, दुसऱ्या बाजूला शिरपूर. सुरत आमच्या लोकांना पुण्याहून जवळची वाटते. तिथल्या उधन्यात खान्देशी माणसांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. त्यामुळे येण्या-जाण्याच्या अंतरात निवड आहे, आणि ती निवड वापरावी. मुलींच्या बाबतीत मात्र कॉलेज बसच्या वेळेवर ठरतं हे मी जाणतो. तिथे बापाने एकदा स्वतः त्या बसने जाऊन यावं.

आणि दहावीनंतर सगळ्यांनी अकरावीतच जावं असं कुठे आहे? धुळ्याला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. बारावी-सीईटीच्या वाटेने निघालेला मुलगा आणि हा, दोघे एकाच वेळी इंजिनिअर होतात, आणि याच्या हातात मध्येच एक कामाची पदविका आलेली असते. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. नरडाण्याला एमआयडीसी आहे. तिथे इलेक्ट्रिशियन आणि फिटर लागतात. मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि त्याच मार्गाचा बोरविहीर-नरडाणा टप्पा आमच्या दारात येतो आहे. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचं तर दहावी आणि ठरावीक ट्रेडचा आयटीआय, नाहीतर डिप्लोमा, एवढं पुरतं. ज्याला पंप खोलून जोडायला आवडतो, जो मोटार जळाली की स्वतःच बोर्ड उघडतो, त्याला अकरावीच्या बाकावर दोन वर्षं बसवून ठेवणं मला पटत नाही. मात्र 'टक्के कमी म्हणून आयटीआय' असं म्हणत पाठवू नये. मूल ते लक्षात ठेवतं.

चुकलं तर? हा प्रश्न मुलीच्या आईने विचारला, आतापर्यंत ती दारात उभी राहून ऐकत होती. चुकलं तर दुरुस्त करता येतं. बारावी झाल्यावर राहिलेला एकच विषय बोर्डाकडे स्वतंत्रपणे देता येतो. त्याला 'आयसोलेटेड' म्हणतात. मी गणित असंच दिलं. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केलं की बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी पूर्ण केलेल्यांनाही नीट देता येईल. म्हणजे पूर्वी कायमचं बंद झालेलं एक दार आता किलकिलं आहे. पण त्याची किंमत असते. आयसोलेटेडच्या वर्षी मला शिकवणारं कुणी नव्हतं. सोबतचे मित्र नोकरीला लागले होते, घरी बाप शेतात एकटा राबत होता आणि मी खोलीत इंटिग्रेशन करत होतो. ते वर्ष मी कुणाला सुचवणार नाही.

मुलगी ऐकत होती. मी तिला एवढंच सांगितलं की अकरावीला चारही विषय ठेव, पहिल्या सहामाहीपर्यंत मनापासून कर, आणि मग तुला नकोच वाटलं तर तुझं म्हणणं मी मान्य करीन. पीसीएमबीचं ओझं खरंच जास्त आहे. ते हलकं आहे असं मी तिला खोटं सांगितलं नाही. भाऊ म्हणाला, "तुले जमी ते ले, पोरी." हे तो आधीही म्हणालाच असता, पण आता त्याने पेपर पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी ती आणि मी शिरपूरला गेलो. कॉलेज पाहिलं, गणिताच्या सरांना भेटलो, अकरावीच्या गणिताची दोन्ही पुस्तकं जुनी मिळाली ती घेतली. परतीच्या एसटीत तिने वहीचं मागचं पान उघडून मधोमध रेघ मारली. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. श्रेढी, प्रोग्रेशन. संच, सेट. वर्गसमीकरण, क्वाड्रॅटिक इक्वेशन. नरडाण्याच्या फाट्यावर उतरेपर्यंत पान निम्मं भरलं होतं, आणि 'संभाव्यता' समोर तिने 'प्रोबॅबिलिटी' दोनदा खोडून बरोबर स्पेलिंगने लिहिलं होतं.